वसई किल्ल्यातली चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईचा किल्ला पाहून घरी गेल्यावर लोक फोटो पाठवतात. कुणाला कमान कुठल्या चर्चची ते हवे असते, कुणाला दगडावरच्या अक्षरांचा अर्थ, कुणाला घंटांची गोष्ट. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरे एका जागी लिहिली आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. तटाच्या आत एवढी चर्च कशी काय? हा किल्ला होता ना?

वसईला ‘किल्ला’ म्हटले की डोळ्यांसमोर राजगड-रायगड येतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. हा डोंगरावरचा लष्करी तळ नव्हता, तटबंदीच्या आत वसलेले गाव होते. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. १५३६ पासून बांधकामाला जोर आला. पुढे हे ठाणे पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या सगळ्या मुलखाची राजधानी झाले. सुमारे साडेचार किलोमीटरच्या तटाच्या आत रस्ते होते, चौक होते, कचेऱ्या होत्या, श्रीमंतांची दुमजली घरे होती, इस्पितळ होते. गावात जशी देवळे असतात, तशी या गावात चर्च होती.

शिवाय ख्रिस्ती धर्मगुरूंच्या प्रत्येक संघाला आपला मठ आणि आपले चर्च हवे होते. फ्रान्सिस्कन आले, मग जेझुइट, मग डोमिनिकन, शेवटी ऑगस्टिनियन. म्हणून पाच-दहा मिनिटांच्या चालीत एकामागून एक चर्च लागतात.

२. नेमकी किती चर्च आहेत? दर ठिकाणी वेगळा आकडा सांगतात.

कुणी फक्त मोठी मोजतो, कुणी इस्पितळाची आणि मठांची लहान प्रार्थनाघरेही धरतो, म्हणून आकडा बदलतो. ही सहा नावे पक्की लक्षात ठेवावीत: संत जोसेफ, फ्रान्सिस्कनांचे संत अंतोनी, जेझुइटांचे ‘येशूचे पवित्र नाव’, डोमिनिकनांचे संत गोन्सालो (याबद्दल प्रश्न १० पाहा), ऑगस्टिनियनांचे ‘नोसा सेन्योरा दा अनुन्सियादा’ आणि ‘नोसा सेन्योरा दा व्हिदा’ (‘नोसा सेन्योरा’ म्हणजे मेरीमाता).

या सगळ्यांची अवस्था सारखी नाही. पहिल्या चारांच्या भिंती उंच उभ्या आहेत. बाकीच्या ठिकाणी झाडोऱ्यातून भिंतीचा तुकडा शोधावा लागतो.

३. सर्वांत जुने कोणते?

फ्रान्सिस्कनांचे आणि संत जोसेफचे, ही दोन्ही सुरुवातीच्या पिढीतली. वसई भागात धर्मप्रसाराचे काम आधी फ्रान्सिस्कनांनी उभे केले आणि त्यांतले फ्राय अंतोनियो दो पोर्तो हे नाव ठळक आहे. संत जोसेफचे चर्च बांधण्याचा हुकूम पोर्तुगालचा राजा तिसरा जॉन याने १५४६ मध्ये दिला. जेझुइटांचे काम १५४० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाले आणि त्यांच्या चर्चचा पाया १५६१ मध्ये पडला. डोमिनिकनांचे चर्च १५८३ चे, तर ऑगस्टिनियनांचे त्या शतकाच्या अगदी अखेरचे.

मात्र आज उभी दिसणारी प्रत्येक भिंत त्या पहिल्या सालातली नाही. ही चर्च वाढवली गेली, पडली, पुन्हा बांधली गेली. त्यामुळे ‘बांधले कधी’ या प्रश्नाला एका सालात उत्तर देणारी पाटी अपुरीच असते.

४. उंच मनोरा असलेले चर्च कोणते? त्याला ‘कॅथेड्रल’ म्हणणे बरोबर आहे का?

ते संत जोसेफचे चर्च, दर्या दरवाजाजवळचे. पोर्तुगीज त्याला ‘मात्रीझ’ म्हणत, म्हणजे गावचे मुख्य चर्च.

कॅथेड्रल म्हणजे जिथे बिशपचे आसन असते ते चर्च. पोर्तुगीज काळात वसईला बिशप नव्हता, कारभार गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखाली चाले. तेव्हा ‘कॅथेड्रल’ हा शब्द रूढ झाला असला तरी नेमका नाही. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो २२ मे १९९८ रोजी आणि त्याचे कॅथेड्रल पापडीला आहे, किल्ल्यात नाही.

या चर्चचे एक भाग्य असे की त्याने आपली हकिगत स्वतःच लिहून ठेवली आहे. १६०१ मध्ये आर्चबिशप दों फ्राय आलेशो द मेनेझेस आणि इथले व्हिकार, म्हणजे चर्चचे मुख्य धर्मगुरू, पेद्रु गाल्व्हांव परेरा यांच्या वेळी हे चर्च नव्याने बांधले, असा शिलालेख इथला आहे. गाल्व्हांव यांच्या थडग्यावरच्या मजकुरात ‘हे चर्च वाढवणारा आणि नवे करणारा’ अशी त्यांची ओळख आहे. मृत्यूची तारीख १९ मार्च १६१८. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, मे १६१८ मध्ये, वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ आले. समुद्र आत घुसला, घरे पडली, चर्चची छपरे उडाली. ज्या माणसाने सतरा वर्षांपूर्वी हे चर्च नवे केले, त्याला ते पाहावे लागले नाही. त्या मनोऱ्याखाली उभे राहिले की मला दर वेळी हेच आठवते.

५. आत शिरल्यावर नुसत्या भिंती दिसतात. काय बघायचे?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. रिकाम्या चर्चमध्ये बांधणी जशी कळते तशी भरलेल्या चर्चमध्ये कधीच कळत नाही.

आधी दारात थांबा. दर्शनी भिंत हीच इथली सर्वांत सजवलेली गोष्ट. दोन्ही बाजूंना खांब, वर आडवी पट्टी, त्यावर त्रिकोणी किंवा गोलाईचा माथा, ही युरोपातल्या प्रबोधनकाळाची धाटणी आहे आणि ती मूळची रोमन देवळांकडून आलेली. जेझुइटांच्या दारावर ती सर्वांत रेखीव आहे. तिथे येशूच्या नावाची तीन रोमन अक्षरे कोरलेली दिसतील. ती जेझुइटांची खूण, त्यामुळे हे दार ओळखायला पाटी लागत नाही.

आत गेलात की एकच लांब, उंच दालन. मधे खांबांच्या रांगा नाहीत. प्रवचन शेवटच्या माणसापर्यंत ऐकू जावे आणि वेदी सगळ्यांना दिसावी, हा त्यामागचा विचार. दालनाच्या टोकाला मोठी कमान आणि तिच्यापलीकडे थोडा अरुंद भाग. तिथे मुख्य वेदी असे. देवळात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना जागा आवळत जाते, तसेच इथे होते.

आता मागे वळून ज्या दारातून आलात त्याच्या वर पाहा. बाजूच्या भिंतींत एका ओळीत चौकोनी खाचा दिसतील. त्या तुळयांच्या. तिथे लाकडी माळा होता आणि गाणारे त्यावर उभे राहत. तशाच खाचा भिंतीच्या माथ्याकडे दिसल्या तर त्या छपराच्या. लाकूड कधीच गेले, त्याची जागा तेवढी राहिली.

शेवटी बाजूच्या दारातून बाहेर पडून मठाचा चौक गाठा. मधे उघडे अंगण, चहूबाजूंनी कमानींची पडवी, तिच्यामागे खोल्या. वाडा पाहिलेल्या माणसाला हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही. फ्रान्सिस्कनांच्या मठात तो चांगला लक्षात येतो.

६. दगड कुठून आणला?

इथलाच. भिंतींचा गाभा काळ्या ओबडधोबड दगडांचा आणि चुन्याचा आहे, त्यावर गिलावा होता. गिलावा गळाला म्हणून आज त्या इतक्या रांगड्या दिसतात. त्या काळी त्या पांढऱ्या होत्या. कोपरे, दारे, खिडक्या आणि खांब एवढ्यालाच ताशीव, घडीव दगड वापरला. सगळी भिंत घडीव दगडाची करणे परवडणारे नव्हते आणि गरजही नव्हती.

वसईच्या दगडाला मोठी मागणी होती. तो जहाजांतून गोव्याला जाई. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बासिलिकाच्या जांभ्या दगडात बसवलेले काळसर कोरीव खांब आणि पट्ट्या वसईकडून नेलेल्या बेसॉल्टच्या आहेत. संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव ज्या चर्चमध्ये आहे, त्याच्या दर्शनी भिंतीत आपल्या वसईचा दगड आहे. गोव्याला जाल तेव्हा त्यावर हात ठेवून या.

७. छपरे कुठे गेली?

बहुतेक ठिकाणी छप्पर लाकूड आणि कौलांचे होते. अशा छपराला दर पावसाळ्याआधी माणूस लागतो. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर मठ रिकामे झाले आणि चर्चमधली उपासना थांबली, तेव्हा ती काळजी संपली. एक कौल सरकले की पाणी तुळईत मुरते, तुळई कुजली की आढे खाली येते. वसईचा पाऊस पाहिलेल्याला हे सांगायला नको. शिवाय चांगले लाकूड आणि घडीव दगड रिकाम्या इमारतीत फार काळ राहत नाहीत.

दगडी कमानदार छत जिथे होते तिथे ते तगले. फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये बाजूच्या लहान प्रार्थनाघरांवर असे छत आहे. भर दुपारी तिथे उभे राहा, बाहेरचा उकाडा एका पावलात संपतो.

८. म्हणजे मराठ्यांनी चर्च पाडली नाहीत?

या प्रश्नावर लोक चिडतात, म्हणून सावकाश लिहितो.

१७३९ चा वेढा फेब्रुवारीत सुरू झाला. चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून बुरूज उडवले, तोफा डागल्या, खिंडारांतून हल्ले केले. दोन्ही बाजूंची बरीच माणसे पडली. मे महिन्यात पोर्तुगीजांनी तह केला आणि त्यांची शिबंदी शस्त्रांनिशी, मानाने बाहेर पडली. अशा लढाईत गावातल्या इमारतींचे नुकसान झाले नसेल असे कुणीच म्हणणार नाही. घंटाही विजयाची खूण म्हणून नेल्या (प्रश्न ११).

पण आजचे भग्नावशेष हे त्या एका उन्हाळ्याचे काम नाही. त्याच्याआधी १६१८ चे वादळ होते. १६७४ मध्ये मस्कतच्या अरबांनी उतरून तटाबाहेरची चर्च लुटली होती. त्याच्यानंतर १७८० मध्ये इंग्रजांनी वेढा घालून तोफा डागल्या आणि डिसेंबरात किल्ला घेतला. सालबाईच्या तहाने तो मराठ्यांकडे परत आला. पुढे इंग्रजी अमदानीत तर एका चर्चच्या अवशेषांत साखरेचा कारखाना निघाला. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त नासधूस पावसाने आणि पिंपळाच्या मुळांनी केली आहे. जेझुइटांचे कोरीव दार आणि संत जोसेफचा मनोरा आज उभे आहेत, ते कुणी ठरवून जमीनदोस्त केले नाहीत म्हणूनच.

९. संत गोन्सालो गार्सिया यांचा या किल्ल्याशी काय संबंध?

ते वसईचेच. जन्म १५५७ च्या सुमाराचा, वडील पोर्तुगीज, आई इथली. शिक्षण किल्ल्यातल्या जेझुइटांकडे झाले. पुढे व्यापारानिमित्त जपानकडे गेले, जपानी भाषा उत्तम शिकले, मनिलाला फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि धर्मबंधू म्हणून पुन्हा जपानला गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ज्या सव्वीस जणांना क्रुसावर मारले, त्यांत ते होते. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

म्हणजे शाळा जेझुइटांची आणि दीक्षा फ्रान्सिस्कनांची. त्यामुळे दोन्ही चर्चशी त्यांचे नाव जोडलेले ऐकू येते. मात्र स्थानिक लोक ‘गोन्सालो गार्सियाचे चर्च’ म्हणतात ते जेझुइटांचे. फेब्रुवारीत सणाच्या दिवशी तिथे मिस्सा (ख्रिस्ती सामूहिक उपासना) होते, गावागावांतून भाविक येतात आणि एरवी कबुतरांचा आवाज घुमणाऱ्या त्या भिंतींत मराठी गायने घुमतात. चर्च मोडकळीला आले म्हणजे ते मेले, असे वाटत असेल तर त्या दिवशी एकदा यावे.

१०. मग डोमिनिकनांचे ‘संत गोन्सालो’ चर्च त्यांच्याच नावाचे का?

नाही. भले भले इथे फसतात. ते चर्च पोर्तुगालमधल्या आमारांत गावच्या संत गोन्सालोंच्या नावाचे आहे. ते डोमिनिकन संघाचे मध्ययुगातले संत. चर्च उभे राहिले १५८३ मध्ये आणि तेव्हा वसईचे गोन्सालो गार्सिया हयात होते. तटाच्या एका बुरुजालाही संत गोन्सालोंचे नाव होते, त्यामुळे घोळ आणखी वाढतो.

११. वसईच्या घंटा देवळांत आहेत हे खरे का? कुठे पाहता येतील?

खरे आहे. सर्वांत प्रसिद्ध घंटा नाशिकची. गोदाकाठी रामकुंडाजवळ १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकराच्या देवळाच्या तटावर ती टांगलेली आहे. आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो तीच. गोदेला पूर आला आणि पाणी घंटेला लागले की नाशिककर तो महापूर समजतात.

दुसरी वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या कृष्णेच्या घाटावर. ही घंटा अगदी जवळून पाहता येते. पंचधातूच्या काळपट पृष्ठभागावर मेरीमातेची मूर्ती उठावात आहे, कडेवर बाळ येशू, आणि १७०७ हे साल. समोर कृष्णेचे पाणी, शेजारी मेणेश्वराचे देऊळ. भीमाशंकरलाही अशी मोठी घंटा आहे.

एक सावधगिरी. ‘वसईची घंटा’ म्हटलेली प्रत्येक घंटा किल्ल्याच्या आतल्याच चर्चची असेल असे नाही. मोहीम १७३७ पासून चालली. ठाणे, साष्टी, माहीम, तारापूर अशी ठाणी पडत गेली आणि प्रत्येक ठिकाणी चर्च होते. ‘वसईची मोहीम’ या नावाखाली सगळ्याच घंटा वसईच्या झाल्या.

१२. चिमाजी आप्पांच्या नवसाचे देऊळ किल्ल्यातलेच का?

किल्ल्यात वज्रेश्वरीचे आणि नागेश्वराचे देऊळ आहे, पण नवसाचे म्हणून सांगतात ते मोठे वज्रेश्वरी मंदिर तानसेच्या काठी, गरम पाण्याच्या कुंडांच्या गावी आहे. विजयानंतर बांधलेल्या त्या देवळाला किल्ल्यासारखा तट आणि पायऱ्या आहेत.

१३. जमिनीवरच्या दगडांवर काय लिहिले आहे? आम्ही त्यावरून चाललो, चूक झाली का?

त्या समाधीशिळा आहेत. चर्चच्या आत पुरले जाणे हा त्या काळी मोठा मान होता, त्यासाठी घराणी देणगी देत. सर्वांत जास्त शिळा फ्रान्सिस्कनांच्या चर्चमध्ये आहेत.

मजकूर पोर्तुगीजमध्ये असतो आणि त्याचा साचा ठरलेला. ‘सेपुल्तुरा द’ म्हणजे अमुकाची कबर, मग नाव, हुद्दा, बायकोचे नाव. अनेकदा पुढे ‘इ द सेउश एर्देइरुश’ असे येते, म्हणजे ‘आणि त्याच्या वारसांची’. एकाच शिळेखाली पिढ्या निजत. शेवटी मृत्यूचा दिवस आणि साल. वाचताना एक अडचण येते: रोमन ‘यू’च्या जागी ‘व्ही’ कोरलेला असतो आणि जागा वाचवायला दोन अक्षरे एकमेकांत गुंफलेली असतात. काही शिळांवर घराण्याची ढाल कोरलेली आहे.

पावलांनी अक्षरे झिजतात, म्हणून कडेने चालावे. अक्षरे उठून दिसावीत म्हणून खडूने भरणे किंवा पाण्याने घासणे कृपा करून करू नका. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जा. तिरक्या उन्हात प्रत्येक खोबणीत सावली भरते आणि दुपारी कोरा वाटलेला दगड वाचता येतो.

१४. मनोऱ्यावर चढता येते का? लग्नाआधीचे फोटो काढले तर चालतात का?

मनोऱ्यात गोल वळत जाणारा अरुंद दगडी जिना आहे. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्या आहेत, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरते. दार बंद असेल किंवा मनाईची पाटी असेल तर चढू नका. भिंतींच्या माथ्यावर तर कधीच नको, वरचा चुना भुसभुशीत झाला आहे.

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढायला कुणी अडवत नाही, पण चित्रीकरणाला खात्याची रीतसर परवानगी लागते. भिंतीवर नावे कोरणे हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. चुन्यावर कोरलेले बदाम आणि नावे पाहून मला फार त्रास होतो. ज्या गिलाव्यावर वादळे गेली, त्यावर किल्लीचे टोक फिरवायला दहा सेकंद पुरतात.

१५. रेवदंडा आणि कोर्लईचे चर्चही असेच आहे का?

काळ आणि माणसे तीच, प्रमाण वेगळे. रेवदंडा हेही तटाच्या आतले पोर्तुगीज गाव होते आणि तिथला ‘सातखणी’ मनोरा फ्रान्सिस्कनांच्या चर्चचा आहे. कोर्लई मात्र खरा लष्करी दुर्ग, खाडीच्या तोंडावरच्या डोंगराच्या सोंडेवर बसलेला. तिथले लहानसे चर्च शिबंदीसाठी होते. दोन्ही ठाणी १७४० मध्ये मराठ्यांकडे आली. वसई आधी पाहिली असेल तर तिकडचे अवशेष पटकन ओळखता येतात.

१६. एका सकाळीत सगळे पाहायचे तर कुठून सुरुवात करावी?

वसई रोड स्टेशनवरून बस किंवा रिक्षाने किल्ल्यापर्यंत या. किल्लाबंदरकडे जाणारा रस्ता किल्ल्यातूनच जातो. आधी फ्रान्सिस्कन, कारण शिळांना तिरके ऊन हवे (प्रश्न १३). मग जेझुइटांचे दार, मग डोमिनिकन, आणि शेवटी दर्या दरवाजाजवळ संत जोसेफ. पाणी बरोबर घ्या. पावसाळ्यात गवतात साप असतात, तेव्हा पायात बूट हवेत.

१७. आमचे घराणे वसईचे ख्रिस्ती. पूर्वजांची कबर किल्ल्यात सापडेल का?

शक्यता कमी. किल्ल्यातल्या शिळा बहुतांशी पोर्तुगीज अधिकारी, धर्मगुरू आणि त्यांच्या घराण्यांच्या आहेत. आपल्या सामवेदी, वाडवळ, कोळी पूर्वजांची वस्ती तटाबाहेरच्या गावांत होती आणि त्यांची चर्चही तिथेच. शिळेवर तुमचे आडनाव दिसले तरी नाते धरू नका. बाप्तिस्म्याच्या वेळी ही आडनावे धर्मगुरूंवरून किंवा धर्मपित्यांवरून मिळत, रक्ताच्या नात्याने नव्हे. शोध घ्यायचा तर आपल्या गावच्या पॅरिशमध्ये, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, जाऊन बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या पाहायची परवानगी मागा. जाताना आजी-आजोबांची पूर्ण नावे, घराचे जुने नाव आणि आळी लिहून न्या. एकाच नावाची दहा माणसे वहीत निघतात, आणि त्यांतला आपला कोण ते बहुधा आळीवरूनच कळते.